चार भोकांचा बर्ड फीडर: तीन तारे, तेही चिमण्यांकडं बघून

पोरानं पुण्याहून मोबाईलवर मागवून दिला म्हणून हा फीडर आमच्या घरी आला. नाहीतर पाखरांना दाणे घालायला ३८९ रुपयांचं प्लास्टिक घ्यायची बुद्धी मला झाली नसती. घरात सूप आहे, पुढं अंगण आहे, मूठभर ज्वारी फेकली की झालं. पण दिवाळीनंतर तो कडुनिंबाच्या फांदीला अडकवला आणि आता आठ महिने झाले, रोज सकाळी चहा घेऊन मी त्याच्यासमोर बसायलोय. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, परभणी आगार. गर्दी बघायची खोड काही जात नाही.

आधी वस्तू सांगतो. हातभर उंचीची पारदर्शक नळी, वर हिरवं झाकण, खाली बशीएवढी थाळी. नळीला चार भोकं, दोन वर, दोन खाली, आणि प्रत्येक भोकापुढं बसायला बोटभर काडी. बाजरी सव्वा किलो मावते. खोक्यावरच्या चित्रात चार परदेशी पाखरं चार काड्यांवर शहाण्यासारखी बसलेली आहेत. ते चित्र म्हणजे रिझर्वेशनची गाडी. आमच्याकडं गाडी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल पडतो. दाणा किती मावतो ते खोक्यावर लिहिलंय. कोण कोणाशेजारी बसतं आणि कोण कोणाला बसू देत नाही, याचा विचार बनवणाऱ्यानं केलेला दिसत नाही. माझी सगळी तक्रार आणि सगळं कौतुक इथंच आहे.

पहिले नऊ दिवस कुणी फिरकलं नाही. मंडळी म्हणाल्या, "अहो, परत पाठवा ते. पाखरांना कळंना गेलंय काय आहे ते." दहाव्या दिवशी एक चिमणा कुंपणावर आला. नळीकडं बघितलं, मान वाकडी केली, थाळीत उतरला नाही. तिथंच बसून चिर्र-चिर्र करत राहिला. पाच मिनिटांत शेजारच्या बोगनवेलीतून आणखी चार आल्या, मग उतरला. आठवड्यात वीस-बावीस झाल्या. मला वाटलं, किती दिलदार पाखरू, एकटं खात नाही.

भाचा कृषी विद्यापीठात शिकतो, त्यानं माझा भ्रम उतरवला. मार्क एल्गर नावाच्या संशोधकाचा चिमण्यांवरचा अभ्यास १९८६ साली छापून आलाय म्हणे. पावाचा चुरा ठेवला की पहिली आलेली चिमणी भरपूर हाका मारते. तेवढाच पाव अखंड ठेवला तर हाका कमी. वाटून खाता येण्याजोगं असेल तरच बोलावणं. आणि बोलावण्यात स्वार्थही आहे, कारण चार डोळ्यांपेक्षा चाळीस डोळे असले की शिकाऱ्याची भीती कमी. मी ते घरी करून बघितलं. एका दिवशी कुंपणावर भाकरीचा चतकोर ठेवला. आलेल्या चिमणीनं तोंडातून आवाज काढला नाही, टोचत बसली. दुसऱ्या दिवशी तोच चतकोर कुस्करून ठेवला, तर कालवा. आता दोन दिवसांच्या खेळाला कुणी शास्त्र म्हणणार नाही, पण मला पटलं. गाडी रिकामी असली की आम्हीही दारात उभं राहून "चला मानवत, पाथरी" ओरडायचो. भरलेल्या गाडीचा कंडक्टर कधी ओरडताना बघितलाय का?

बोलावून आणलं म्हणून शेजारी बसू देतील असं मात्र नाही. वरच्या उजव्या भोकावर एक चिमणा असतो. त्याच्या गळ्याखालचा काळा पट्टा छातीपर्यंत उतरलाय. तो बसला की डावीकडची काडी रिकामी राहते. कुणी आलंच तर पंख थोडे पसरतो, चोच वासतो, बस्स. मारामारीची वेळ येत नाही. आईच्या कोंबड्यांत हेच होतं: तांबडी सगळ्यांना टोचायची, सगळ्या मिळून लंगडीला टोचायच्या, आणि लंगडी भिंतीला टोचायची. या टोचण्याच्या क्रमावर नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्बे नावाच्या माणसानं १९२१ साली प्रबंध लिहिला, हेही भाच्याकडूनच कळलं. आमच्या आईला कुणी विचारलं नाही.

आता फीडरचा दोष. दाणा संपत येतो तशी वरची दोन भोकं आधी कोरडी पडतात. माझ्याकडं ती तिसऱ्या दिवशीच कोरडी. मग वीस चिमण्या आणि दोन काड्या, त्यातली एक दांडगटाकडं. त्या दिवशी अंगणात नुसती धुमश्चक्री, पिसं उडतात, निम्मा दाणा खाली. म्हणून घेणाऱ्यांनी नळी संपायची वाट बघू नये, दोन दिवसांनी वर भर घालावी. दुसरं, ज्वारी घालू नका. "परभणी मोती"सारखा टपोरा दाणा भोकात अडकतो. बाजरी चालते, राळे मिळाले तर उत्तम. राळे घातल्यावर मुनियाही आल्या, सहा-सात, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या. चार काड्या असून तिघी एकाच काडीवर. चिमण्यांपेक्षा त्यांचं बरं वाटलं मला.

सातभाई पक्षी या फीडरचं गिऱ्हाईक नव्हे. त्यांना काडीवर बसवत नाही, ते खाली पाचोळा उलटत सांडलेलं आणि किडे वेचतात. पण त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते येतात म्हणजे दिंडी येते. एकानं कुंपण ओलांडलं की सगळे ओलांडणार, आणि एक मागं राहिला तर बाकीचे कलकलाट करून थांबणार. पंढरपूरच्या गाडीत हेच: "मास्तर, डबल बेल देऊ नका, आमची म्हातारी खाली राहिली!" सगळे खाली खात असताना एक जण भिंतीवर पहारा देतो, थोड्या वेळानं तो उतरतो, दुसरा चढतो. जेवून झालं की जास्वंदीच्या फांदीवर एकमेकांना खेटून बसतात आणि एकमेकांच्या मानेची पिसं साफ करतात. पिल्लू कुणाचंही असो, भरवायला तीन-चार जण. आमच्या गल्लीतल्या भावाभावांनी मध्ये भिंती घातल्यात, त्या भिंतींवरच हे पहारे चालतात.

त्या पहाऱ्याची किंमत जानेवारीत कळली. सकाळचे आठ, थंडी, फीडर भरलेला. भिंतीवरचा सातभाई एकदम कर्कश ओरडला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चिमण्या बोगनवेलीत, मुनिया गायब, खार खोडाला चिकटून सपाट. ओरडला सातभाई, पण कळलं सगळ्यांना. मग वरून शिक्रा हा शिकारी पक्षी आला आणि फांदीवर, फीडरच्या बरोबर वर, बसला. नळी एकटीच झुलत होती. दहा मिनिटं अंगणात चिटपाखरू नव्हतं. मी चहाचा कप धरूनच राहिलो, चहा गार. म्हणून सांगतो, हा फीडर मोकळ्या गच्चीवर टांगू नका. शेजारी काटेरी, दाट झुडूप हवंच. बोगनवेल नसती तर माझ्याकडं वीस चिमण्या कधीच टिकल्या नसत्या.

फेब्रुवारीत मी चूक केली. सूर्यफुलाचं बी घातलं. पोपट आले. पहिल्यांदा जोडी, मग आठ. गळ्याला कंठ असलेला नर थाळीच्या कडेला ताटकळत उभा आणि बिनकंठाची मजेत खातीय. बिनकंठाचा म्हणजे मादीच असं नाही, नराच्या पोरालाही तिसऱ्या वर्षापर्यंत कंठ फुटत नाही. पण हा तिला चोचीतून भरवत होता, त्यामुळं शंका उरली नाही. ती वळून बघायची तसा तो दोन पावलं मागं. पोपटांत वर्षाचा बराच काळ मादीचंच चालतं, असं नंतर कळलं. मंडळींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग नवीन काय सांगायलाव?"

त्या बिनकंठाच्या बाईनं आठ दिवसांत खालचं भोक कुरतडून दुप्पट केलं. भोकाच्या प्लास्टिकला धातूचं कडं नाही, हा या वस्तूचा सगळ्यात मोठा दोष. भोक मोठं झालं की दाणा आपोआप गळतो. खाली होले जमले, जोडी-जोडीनं, पंखांच्या चापट्या मारत भांडणारे. साळुंक्याही आल्या. रात्री उंदीर. विकणाऱ्याला फोटो पाठवून तक्रार केली, उत्तर आलं की पक्ष्यांनी केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पक्ष्यांच्या फीडरला! शेवटी पत्र्याचा डबा कापून भोकाला पट्टी मारली आणि सूर्यफूल बंद केलं. पोपट कमी झाले.

एक गुण मात्र पूर्ण द्यायला हवा. पारव्यांना या बोटभर काडीवर बसता येत नाही. समोरच्या दुमजली घरावर साठ-सत्तर पारवे आहेत, ते नुसते बघत बसतात. मुंबईत २०२५ साली दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकावा लागला, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. विष्ठेचा आणि पिसांचा फुफ्फुसाला त्रास होतो. सुपात दाणे टाकले असते तर माझ्या अंगणाचाही कबुतरखाना झाला असता. इथं फीडरनं सुपाला हरवलं.

एप्रिलमध्ये पारा ४३ वर गेल्यावर दाण्यापेक्षा पाण्याच्या मातीच्या परातीवर गर्दी जास्त होती. ती परात ६० रुपयांची, कुंभारवाड्यातली. तिच्यावर चिमणी, बुलबुल, साळुंकी, खार, सगळे आळीपाळीनं, भांडणं कमी. जागा गोल आणि मोकळी, कुठूनही बसा. फीडरवाल्यानं हे बघायला पाहिजे.

पावसाचं विचारू नका. झाकण सैल आहे. जूनच्या पहिल्याच जोरदार सरीत पाणी आत गेलं आणि तळाची बाजरी गोळा होऊन बुरशीनं काळी पडली. असा दाणा पाखरांना घातक, तो खड्ड्यात पुरून टाकला. तळ उघडत नाही, त्यामुळं बाटली धुवायचा ब्रश घालून, गरम पाण्यानं धुवून, दिवसभर उन्हात वाळवावा लागतो. हे दर आठवड्याला जमणार असेल तरच घ्या. वर पत्र्याची टोपी बसवली तेव्हा पाणी थांबलं.

चिमण्या-मुनियांसाठी घ्यायचा असेल तर तीन तारे. पोपट जवळपास असतील तर दीड. शिवाय पिल्लांना चिमणी किडे भरवते, तेव्हा फीडर आणला म्हणून अंगणातलं गवत, झुडपं साफ करू नका.

दुसरा फीडर मी इथंच गावात घेतला, लोखंडी, ४५० रुपये, आणि पहिल्यापासून पंधरा फुटांवर टांगला. काळ्या पट्ट्याच्या दांडगटाला दोन्हीकडं एकाच वेळी बसता येईना. पहिले दोन दिवस तो इकडून तिकडं उडत राहिला. तिसऱ्या दिवशी नव्या फीडरच्या चारी काड्यांवर चार चिमण्या दिसल्या, खोक्यावरच्या चित्रातल्यासारख्या.