हँडगन विक्रीबंदीचा खटला: शहराने एकट्याने लढावा की खर्च वाटून?

कॅलिफोर्नियातल्या वेस्ट हॉलिवूडने 1996 मध्ये स्वस्त, हलक्या दर्जाच्या हँडगनच्या विक्रीवर बंदी घातली. जेमतेम 35 हजार वस्तीचं शहर, आणि कोर्टात समोर उभी राहिली राज्यभरातल्या बंदूकधारकांची संघटना. 1998 मध्ये अपील न्यायालयाने बंदी कायम ठेवली.

एकट्याने लढण्याचा फायदा उघड आहे: वकील आपला, युक्तिवाद आपला, कुणाची परवानगी नको. पण अपील न्यायालयाचा प्रकाशित निकाल राज्यातल्या सगळ्या खालच्या न्यायालयांना लागू होतो. म्हणजे झळ एकाच शहराच्या तिजोरीला आणि लाभ मात्र तशीच बंदी घालू पाहणाऱ्या प्रत्येक शहराला. मला हे अन्यायाचं वाटतं.

शहरांनी आपसात खर्च वाटून घेतला की छोट्या नगरपालिकाही टिकाव धरतात. नुसत्या नोटिशीला घाबरून ठराव मागे घ्यावा लागत नाही. मात्र अपिलात जायचं की नाही हे कोण ठरवणार, आणि हरल्यास कुणाचा वाटा किती, हे आधीच कागदावर हवं. अमेरिकेत नागरी हक्कांचा खटला हरलेल्या शहराला समोरच्यांच्या वकिलांची फीसुद्धा भरावी लागू शकते. शिकागो आणि शेजारच्या ओक पार्कने हँडगन बाळगण्यावरच घातलेल्या बंदीविरुद्ध 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल गेला, तेव्हा हाच प्रश्न पुढे आला.

माझं मत वाटणीच्या बाजूने आहे, पण बंदी मर्यादित असेल तरच. शिकागोची सरसकट विक्रीबंदी 2014 मध्ये संघीय न्यायालयात टिकली नाही.