तपकिरी वह्या: कागद चांगला, मागचा मासा अर्धा खरा

जूनमध्ये नववीच्या प्रयोगांसाठी म्हापशाच्या बाजारातून 40 तपकिरी वह्या आणल्या. 192 पानी, एक 85 रुपयांना. चार महिने मुलांनी त्या वापरल्या आणि मी तपासल्या, म्हणून आता लिहिते.

कागद दणकट आहे. बॉलपेन, जेलपेन मागच्या पानावर उमटत नाही. शाईच्या पेनाने मात्र शाई फुटते. एचबी पेन्सिलीच्या आकृत्या फिक्या दिसतात, टूबी घ्यावी लागते. लाल पेन या रंगावर उठून दिसत नाही. आणि पिना! पेडण्याच्या पावसात जुलैतच गंजल्या, मधल्या पानांवर तांबडे डाग पडले. वही शिवलेली हवी.

पण मला खरं लिहायचंय ते मागच्या पुठ्ठ्याबद्दल. तिथे निळा मासा छापलाय आणि खाली ‘क्लोरीनमुक्त कागद, मासे सुरक्षित’. दुकानदारही म्हणाले, “बाई, ह्या वह्यांनी नदीतली मासळी वाचते.” क्लोरीनने लगदा पांढरा करताना डायॉक्सिनं ही विषारी रसायनं तयार होतात आणि माशांच्या चरबीत साठतात. ती टळली, ही मोठी गोष्ट आहे. म्हणून तर मी वह्या घेतल्या. पण तेवढ्याने मासे सुरक्षित होत नाहीत.

आमच्या वर्गात काचेच्या टाकीत गप्पी आहेत. नर-मादी ओळखायला मी मुलांच्या हातात भिंग देते आणि पोटाखालचा, शेपटीकडचा पर बघायला लावते. मादीचा पंख्यासारखा, नराचा काडीसारखा लांब. त्याच काडीने नर मादीच्या पोटात शुक्राणू सोडतो. गॅम्बुसिया हा गप्पीच्याच कुळातला. फ्लोरिडातल्या एलेव्हनमाइल क्रीकमध्ये, कागदगिरणीचं सांडपाणी जिथे येतं तिथे, गॅम्बुसियाच्या माद्यांना अशीच काडी फुटलेली आढळली. 1980 साली हे प्रसिद्ध झालं. पुढे फ्लोरिडातल्याच फेनहॉलोवे नदीच्या पाण्यात अँड्रोस्टेनेडायोन हे नरसंप्रेरकाच्या जातीचं रसायन सापडलं. लगद्यासाठी लाकूड शिजवताना पाइनच्या लाकडातली स्टेरॉलं (मेणचट रसायनं) सांडपाण्यात उतरतात आणि जीवाणू त्यांच्यापासून अशी संप्रेरकं बनवू शकतात. म्हणजे मूळ लाकडातच असू शकतं, फक्त ब्लीचिंगमध्ये नाही.

कॅनडात सुपीरिअर सरोवराच्या जॅकफिश बेमधले व्हाइट सकर मासे उशिरा वयात येत, त्यांची अंडाशयं आणि वृषणं लहान राहत, रक्तातली लैंगिक संप्रेरकं कमी भरत. तिथल्या गिरणीने 1989 मध्ये सांडपाण्यावर जैविक प्रक्रिया सुरू केली, तरी हे थांबलं नाही. गिरणी देखभालीसाठी थोडी बंद राहिली, तेव्हा मात्र काही दिवसांतच संप्रेरकं सुधारायला लागली. क्लोरीन न वापरणाऱ्या गिरण्यांच्या सांडपाण्यातही माशांवर असे परिणाम दिसले आहेत.

मासे मेले की पाण्यावर तरंगतात, गावभर बोंब होते. इथे मासा धडधाकट असतो, नुसती गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, भरत नाही. आमच्याकडे शेवटे हे मासे घेताना आई आधी पोट दाबून गाबोळी आहे का बघते. मुलांना मी हेच उदाहरण दिलं, तर एकीने विचारलं, “बाई, मग ह्या वहीचा लगदा कुठून आला?”

वहीवर नंबर आहे, त्यावर फोन केला. लगदा जुन्या कागदाचा की नव्या लाकडाचा, सांडपाण्याचं काय करता, एवढंच विचारलं. “लगदा बाहेरून येतो, कुठून ते सांगता येणार नाही,” असं उत्तर मिळालं. बोलणं नम्र होतं, पण माझ्या 40 मुलांना मी काय सांगू? जुन्या कागदाचा लगदा असेल तर लाकूड शिजवायचा टप्पाच आपल्या वहीपुरता टळतो. तसं असेल तर त्यांनी ते माशाच्या शेजारी छापावं.

वर्गासाठी वही म्हणून 5 पैकी 4, पिनांचा एक गुण कापून. पुठ्ठ्यावरच्या माशाला आत्ता गुण देत नाही. पुढच्या वर्षीच्या मागणीसोबत हेच दोन प्रश्न लेखी पाठवले आहेत.