खरबरीत की नॅनो? इम्प्लांट निवडताना

आईच्या दाढेसाठी दादरच्या दवाखान्यात दोन पर्याय पुढे आले. एक वाळूच्या माऱ्याने आणि आम्लाने खरबरीत केलेला टायटॅनियमचा इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दात पेलण्यासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, दुसरा त्याहून महाग, नॅनो पृष्ठभागाचा. धातू तोच, फरक फक्त वरच्या थरात.

स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले स्क्रू बरेच गुळगुळीत होते. तेव्हा हाड धरायला खालच्या जबड्यात तीन आणि वरच्यात सहा महिने थांबावं लागे. खरबरीत पृष्ठभागाने ही मुदत बरीच कमी केली. त्यावरचे खळगे मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापाचे. नवं हाड त्यांत शिरून घट्ट अडकतं.

नॅनोचे उंचवटे १०० नॅनोमीटरच्या आतले; एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग. इथे गाठ पडते ती रक्तातल्या प्रथिनांशी. ती आधी धातूवर बसतात, मग पेशी त्यांना धरते. पेशीची ही पकड करणारे रेणू जेमतेम १० नॅनोमीटरचे, म्हणून माप फार महत्त्वाचं. टायटॅनियम ऑक्साइडच्या नळ्यांवरच्या एका प्रयोगात १५ नॅनोमीटरच्या नळ्यांवर पेशी छान रुजल्या, तर १०० नॅनोमीटरच्या नळ्यांवर पकड सुटून मेल्या. तेव्हा खोक्यावरच्या ‘नॅनो’ शब्दावर जाऊ नका. रचना कसली आणि किती मापाची, ते डॉक्टरांना विचारा. बहुतेक नॅनो इम्प्लांट मुळात खरबरीतच असतात, हेही लक्षात असू द्या.

फायदा दिसतो तो सुरुवातीच्या आठवड्यांत. इम्प्लांट घातल्यावर जुनं हाड थोडं झिजतं आणि नवं अजून पुरतं भरलेलं नसतं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पकड सर्वांत सैल असते. नॅनो रचनेचा उपयोग हा काळ आखडण्यासाठी. मात्र यातला मोठा पुरावा प्रयोगशाळेतला आणि प्राण्यांवरचा आहे. दहा वर्षांनी इम्प्लांट टिकण्यात खरबरीतपेक्षा नॅनो सरस, असं ठामपणे म्हणता येत नाही.

वरच्या जबड्यात मागे, जिथे हाड भुसभुशीत असतं, किंवा दात लवकर बसवायचा असेल, तर जास्तीचे पैसे मला पटतात. खालचं हाड भरीव असेल आणि घाई नसेल, तर नाही. साखर आटोक्यात नसेल, मशेरी किंवा सिगारेट सुटत नसेल, तर दोन्हींपैकी कोणताही पृष्ठभाग वाचवेलच असं नाही. हिरडी खाली सरकून खरबरीत भाग उघडा पडला, तर त्यावर साचलेला जंतूंचा थर साफ करणंही अवघड जातं.

आईची दाढ खालची, हाड भक्कम. आम्ही खरबरीत घेतला. कॅपसाठी तीन महिने थांबायची तिची तयारी आहे.