सुपिरियर सरोवराकाठी 25 फुटी मोटरहोम : पहिल्या मोसमानंतर

अमेरिकेतल्या मिनेसोटात मोटरहोम, म्हणजे पलंग-स्वयंपाकघर असलेली घरासारखी गाडी, घेतलं की ते वापरायला वर्षातले जेमतेम पाच-सहा महिने मिळतात. मे उजाडेपर्यंत नळ्यांत पाणी भरायची सोय नसते, आणि ऑक्टोबर सरता सरता सगळं पाणी काढून, नळ्या गोठू नयेत म्हणून गुलाबी अँटीफ्रीझ भरून गाडी झोपवावी लागते. आमची गाडी सेकंडहँड, क्लास सी प्रकारची, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. लांबी 25 फूट. पहिला मोसम जवळजवळ सगळा डुलूथपासून ग्रँड पोर्टेजपर्यंतच्या हायवे 61 वर गेला. 240 किलोमीटरचा रस्ता, आणि उजव्या हाताला बहुतेक वेळ सुपिरियर सरोवर.

ओळखीचे लोक पहिला प्रश्न मायलेजचा विचारतात. लिटरला साडेतीन किलोमीटर, वारा समोरून असला तर त्याहून कमी. ते एकदा मान्य केलं की विषय संपतो. खरा प्रश्न लांबीचा आहे. इथली स्टेट पार्क, म्हणजे राज्य सरकारची मुक्कामाची सोय असलेली उद्यानं, जुनी. गूजबेरी फॉल्समधलं दगडी बांधकाम 1930 च्या दशकात बेरोजगार तरुणांच्या हातून करवून घेतलेलं. तेव्हा आजच्यासारख्या अवाढव्य गाड्या कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या. बुकिंगच्या साइटवर प्रत्येक जागेपुढे किती फुटी गाडी मावेल ते लिहिलेलं असतं. लांबीच्या रकान्यात आधी 25 आणि मग 35 टाकून बघा, नकाशावरच्या जागा कशा गळतात ते कळेल. विक्रेता 'थोडी मोठी घ्या, आराम मिळेल' म्हणेल. ऐकू नका. आराम मिळेल, मुक्कामाला जागा मिळणार नाही.

स्टेट पार्कचं बुकिंग 120 दिवस आधी सकाळी आठला उघडतं. जुलैतल्या शुक्रवार-शनिवारच्या चांगल्या जागा चहा गाळून होईपर्यंत संपतात. आमच्याकडे हे खातं बायकोकडे आहे. ती रविवार ते गुरुवार धरते आणि रद्द झालेल्या जागांवर डोळा ठेवते. टेंपरन्स रिव्हरची पाण्याकाठची जागा अशीच, ऐनवेळी मिळाली. स्प्लिट रॉक दीपगृहाच्या पार्कात मात्र नीट वाचून बुक करा. तिथल्या काठाजवळच्या जुन्या जागा हातगाडीवर सामान ढकलत न्यायच्या, तंबूवाल्यांच्या आहेत.

दुसरा पर्याय म्हणजे गावांनी चालवलेले कॅम्पग्राउंड : टू हार्बर्सचं बर्लिंग्टन बे आणि ग्रँड मराईचं बंदरालगतचं. वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी सगळं जागेवर. पण गाड्या एकमेकींना खेटून, शेजाऱ्याच्या टीव्हीवर कुठला सामना चालू आहे तेही कळतं. तरी ग्रँड मराईत संध्याकाळी पायी गावात जाता येतं, म्हणून मला ते आवडतं. आता आमचा रिवाज ठरलाय. दोन रात्री झाडीत, मग एक रात्र गावात. टाक्या रिकाम्या, बॅटऱ्या भरलेल्या, अंघोळी मनसोक्त.

गूजबेरीसारख्या ठिकाणी जागेवर वीज नाही. फ्रिज आणि हीटर प्रोपेन गॅसवर चालतात, पण हीटरचा पंखा बॅटरी खातो, हे विकताना कुणी सांगत नाही. या सरोवराचं पाणी भर उन्हाळ्यातही गारठलेलं. डुलूथमध्ये अंगात टी-शर्ट असला तरी काठावर रात्री स्वेटर आणि हीटर दोन्ही लागतात. आम्ही दुसरी बॅटरी बसवली तेव्हा पहाटेची झोप परत मिळाली. फ्रिजलाही गाडी सपाट उभी लागते, नाहीतर तो नीट थंड होत नाही. त्यामुळे पोचल्यावर पहिलं काम म्हणजे चाकांखाली पिवळे प्लास्टिकचे ठोकळे सरकवणं. मी स्टिअरिंगवर, मुलगी बाहेर पाणसळ धरून, 'अजून थोडी, अजून, बास्स!'

स्वयंपाकघराबद्दल आपल्या लोकांना खास सांगतो. कुकर होतो, पोळ्या होतात. फोडणी दिली की धुराचा अलार्म बोंबलतो. छताचा पंखा आधी लावा, दार उघडा, मग मोहरी टाका. आणि करड्या पाण्याची (भांडी-अंघोळीच्या) टाकी काळ्या (संडासाच्या) टाकीच्या आधी भरते, कारण आपली तेलकट भांडी. ताटं आधी कागदाने पुसून मग धुतली तर एक दिवस जास्त निघतो. टाक्या उपसताना आधी काळी, मग करडी, म्हणजे करडं पाणी पाइप धुऊन नेतं. टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या पॅनेलवरच्या दिव्यांवर विसंबू नका. आमचा 'दोन तृतीयांश' हा दिवा टाकी नुकती रिकामी केली तरी लागलेलाच.

जूनमध्ये आई-बाबा आले होते. बाबा सरोवराच्या काठावर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ''अरे, पलीकडचा काठ कुठाय?'' म्हटलं, 82,000 चौरस किलोमीटर पाणी आहे, महाराष्ट्राचा चौथा हिस्सा बुडेल. आईला वरच्या पलंगावर चढणं जमलं नाही. जेवणाचं टेबल पाडून होणारा बिछाना तिने घेतला आणि कंबर धरून उठली. सत्तरीच्या माणसांसाठी खालचा कायमचा पलंग असलेली रचनाच बघा.

काठावरचा जुना निसर्गरम्य 61 आणि नवा चौपदरी रस्ता डुलूथ ते टू हार्बर्स समांतर जातात. मोटरहोम घेऊन जुनाच धरा, मागे रांग लागली तर बाजूला थांबून जाऊ द्या. सिल्व्हर क्रीक क्लिफचा बोगदा 1994 चा. त्याआधीचा रस्ता कड्याच्या बाहेरून जायचा. आता ती पायवाट आहे, बोगद्यापाशी गाडी लावून अवश्य चाला.

शेकोटीचं लाकूड घरून नेऊ नका, तिथलंच विकत घ्या. अ‍ॅशच्या झाडांना पोखरणारी कीड लाकडाबरोबर पसरते म्हणून पार्कात तसे नियम आहेत. विकत घेण्याआधी एकदा भाड्याने, तेही मेअखेरच्या थंडीत, चार दिवस फिरून बघा. जुलैत सगळ्यांनाच मोटरहोम आवडतं.