गिंपमध्ये जुन्या इन्स्टंट फोटोंचा कोलाज – बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

एकच मोठा फोटो घ्यायचा आणि तो टेबलावर पसरलेल्या जुन्या पोलरॉइड (कॅमेऱ्यातून लगेच बाहेर येणाऱ्या, पांढऱ्या चौकटीच्या) फोटोंमधून तुकड्यातुकड्यांत दिसतोय असं दाखवायचं, हा इफेक्ट मी बरेच महिने गिंप या फोटो एडिटिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतोय. आता पक्कं मत झालंय की हे काम हातानेच करावं. मोबाईलच्या रेडीमेड ॲपमध्ये एका टॅपवर होतं खरं, पण तिथे सगळ्या चौकटी ठराविक कोनात, रंग सगळ्यांना एकच, बघताक्षणी कळतं की मशीनने केलंय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. फिरवायची ती चौकट, फोटो नाही! फोटो जागेवर स्थिर राहिला आणि त्यावर चौकटी वाकड्या झाल्या तरच तुकडे जोडून पूर्ण चित्र दिसतं. त्यासाठी प्रत्येक कार्डाचा, म्हणजे चौकटीसकट एका पोलरॉइडचा, एक लेयर ग्रुप (एकावर एक ठेवलेल्या थरांचा गट) करायचा, त्यात खाली पांढरी चौकट, आणि वर अजून एक छोटा ग्रुप ज्यात खाली फोटोच्या खिडकीएवढा चौकोन आणि त्यावर मूळ फोटोची कॉपी, आणि त्या कॉपीचा कंपोझिट मोड (लेयर खालच्यावर कसा बसतो ते ठरवणारी सेटिंग) 'क्लिप टू बॅकड्रॉप' ठेवायचा की फोटो फक्त खिडकीपुरताच दिसतो. मग चौकट आणि खिडकी हे दोनच लेयर एकत्र सिलेक्ट करून रोटेट करायचे. 2025 मध्ये गिंप 3.0 आलं त्यात एकदम अनेक लेयर सिलेक्ट करता येतात, त्यामुळे हे फार सोपं झालंय. एक कार्ड नीट जमलं की ग्रुप डुप्लिकेट करत जायचं.

3.0 मधली दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे ड्रॉप शॅडो, म्हणजे कार्डाखाली पडणारी सावली, आता लेयरमध्ये कायमची मुरत नाही, फिल्टर म्हणून वेगळी राहते, कधीही बदला. याचा खरा फायदा असा की कार्ड कितीही फिरवलं तरी सावली त्याच दिशेला पडते. पूर्वी सावलीसकट कार्ड फिरवलं की सावलीपण फिरायची आणि प्रत्येक कार्डावर उजेड वेगळीकडून आल्यासारखा वाटायचा, आणि अशा कोलाजमध्ये डोळ्याला खटकतं ते नेमकं हेच.

मापाच्या बाबतीत अंदाजाने जाऊ नका. पोलरॉइडच्या एसएक्स-70 आणि 600 या फिल्मचं कार्ड 88 बाय 107 मिलिमीटर असतं आणि आतला फोटो साधारण 79 मिलिमीटरचा चौरस. 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) कार्ड झालं 1039 बाय 1264 पिक्सेल, खिडकी 933. खालची पट्टी जाड असते ती शोभेसाठी नाही, तिथे रसायनाची पुडी असते, फोटो कॅमेऱ्यातून बाहेर येताना रोलर ती फोडतात आणि रसायन फोटोभर पसरतं. फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स मिनी या छोट्या इन्स्टंट फोटोचा लूक हवा असेल तर माप वेगळं, कार्ड 86 बाय 54 मिलिमीटर आणि फोटो 62 बाय 46. आणि हो, चौकट शुद्ध पांढरी ठेवू नका, किंचित पिवळसर करा.

रंगावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. जुन्या इन्स्टंट फोटोत काळा कधी पूर्ण काळा नसतो, दुधाळ असतो, म्हणून कर्व्हजमध्ये (उजेड-रंग बदलायची आलेखाची रेघ) डावीकडचं खालचं टोक शून्यावरून उचलून 25-30 वर आणतो, मग निळ्या चॅनलचं वरचं टोक थोडं खाली, की पांढऱ्यात पिवळेपणा येतो. ही फिल्म तापमानाला हळवी असते, थंडीत काढलेला फोटो निळसर येतो आणि उन्हाळ्यात पिवळट-लालसर. म्हणून मी सगळ्या कार्डांना एकच कर्व्ह लावत नाही, एखादं जरा निळं, एखादं जरा जास्त पिवळं. फरक अगदी थोडा ठेवायचा, नाहीतर मूळ फोटो तुटतो.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने 1982 च्या सुमारास पोलरॉइड जोडून केलेली कामं बघा, त्याने कार्डं वाकडी ठेवलीच नाहीत, सरळ ओळीत मांडली, पण प्रत्येक फोटो वेगळा काढलेला असल्यामुळे कडा एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि मजा त्यातच आहे. ते बघितल्यापासून मी दोन-चार कार्डांच्या आतला फोटो थोडासा सरकवतो, एखाद्या चेहऱ्याची कड शेजारच्या कार्डात पुन्हा दिसली तर दिसू दे. कोनही पाच-सात अंशांच्या वर नेत नाही.

जड जातं ते म्हणजे फाईल. कार्डं वाढली की प्रत्येकात पूर्ण फोटोची कॉपी असते, त्यामुळे रॅम कमी असलेल्या लॅपटॉपवर हळू चालतं. कार्डाची जागा पक्की झाली की कॉपीचा नको असलेला भाग क्रॉप करून टाकला की बराच हलकेपणा येतो, पण मूळ एक्ससीएफ (सगळे लेयर जपणारी गिंपची फाईल) वेगळी सेव्ह करून मगच. आणि चौकट पुन्हा पुन्हा थोडी थोडी फिरवू नका, दरवेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि कडा मऊ पडतात, कोन ठरवून एकदाच फिरवा.

खालच्या पट्टीवर नाव-तारीख लिहायला फॉन्ट वापरायचं मी सोडून दिलंय. साध्या कागदावर मार्करने लिहायचं, स्कॅन करायचं, लेयर मल्टिप्लाय मोडवर ठेवायचा. कागदाचा पांढरा जातो, नुसती शाई उरते, आणि तो लेयर चौकटीबरोबरच सिलेक्ट करून त्याच कोनात फिरवायचा.