द फोर्थ मॅन : तीन मृत नवरे आणि एक बेभरवशाचा साक्षीदार

दिग्दर्शक पॉल व्हरहोव्हन हे नाव आपल्याकडे बहुतेकांना १९९२ च्या ‘बेसिक इन्स्टिंक्ट’मुळे ठाऊक आहे, परंतु मोहात पाडणारी स्त्री खुनी आहे की नाही, हा खेळ त्यांनी नेदरलँड्समध्ये १९८३ सालीच ‘द फोर्थ मॅन’ या डच चित्रपटात मांडला होता, आणि माझ्या मते तो तेथेच अधिक खट्याळ आणि अधिक धारदार आहे.

गेरार्ड रेव्ह यांच्या कादंबरीवर बेतलेल्या या कथेच्या नायकाचे नावही गेरार्ड रेव्हच आहे. हा मद्यपी, श्रद्धाळू कॅथलिक लेखक (येरून क्राबे) ॲमस्टरडॅमहून व्लिसिंगेन या बंदराच्या गावी व्याख्यानाला जातो आणि क्रिस्टीन या श्रीमंत विधवेच्या घरी उतरतो. तिचा प्रियकर हर्मन म्हणजे रेल्वे स्थानकावर आपण ज्याच्यावर भाळलो तोच देखणा तरुण, हे छायाचित्रावरून कळताच त्याचा मुक्काम लांबतो. पुढे तिच्या तीन नवऱ्यांच्या घरगुती चित्रफिती त्याच्या हाती लागतात. तिघेही अपघातात गेलेले असतात, आणि मग चौथा कोण, या प्रश्नाने त्याची झोप उडते.

खरी गंमत अशी की, हा साक्षीदार मुळातच भरवशाचा नाही. आरंभीच तो आपल्या सोबत्याचा गळा आवळताना दिसतो, आणि पुढच्याच क्षणी तो सोबती धडधाकट असतो. व्याख्यानातही तो, आपण वास्तवाला इतके रंगवतो की घडलेले कोणते आणि रचलेले कोणते हे आपल्यालाच उमगत नाही, अशी चक्क कबुली देतो. त्यामुळे क्रिस्टीन खुनी आहे, की स्वतःच्या वासनेला घाबरलेल्या माणसाने तिला चेटकीण ठरवले आहे, याचा निवाडा दिग्दर्शक अखेरपर्यंत करत नाही. क्रिस्टीन साकारणाऱ्या रेने साउटनडाइक यांनी तिला इतके मोकळे, निरागस हसू दिले आहे की संशय घेणाऱ्या प्रेक्षकालाच ओशाळल्यासारखे वाटावे.

श्रेयनामावलीतच ख्रिस्ताच्या मूर्तीवरून कोळी फिरतो, आणि तेथून प्रतीकांचा जो मारा सुरू होतो तो थांबत नाही. आपल्या १९८० च्या ‘स्पेटर्स’ या चित्रपटाला डच समीक्षकांनी झोडपल्यानंतर व्हरहोव्हन यांनी हा मारा मुद्दाम, काहीशा खोडसाळपणे केला, हे माहीत असूनही मला तो अधूनमधून जड गेला. यान दे बॉन्ट यांचे छायाचित्रण मात्र अप्रतिम आहे. पुढे ‘बेसिक इन्स्टिंक्ट’चा कॅमेराही त्यांच्याकडेच होता. कच्चा राहिला आहे तो हर्मन. ज्याच्यासाठी गेरार्ड एवढा जळतो, त्याला देखणेपणापलीकडे फारसे काही दिलेलेच नाही.

रक्त आणि नग्नता दोन्ही उघड असल्यामुळे हा चित्रपट प्रौढांनीच पाहावा. आणि शेवटी कोणीतरी सगळी उकल करून द्यावी अशी ज्यांची अपेक्षा असेल, त्यांनी याच्या वाटेला न गेलेलेच बरे.