बायोमेडिकलची पदवी, वापरून झाल्यावर

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या पदवीला माझे पाचपैकी साडेतीन तारे. पाच देणारे बहुतेक अजून पहिल्या वर्षात असतात आणि एक देणारे नोकरी शोधत असतात. मी ते दोन्ही टप्पे ओलांडून आता एका उपकरण कंपनीत पेशंट मॉनिटरच्या चाचण्या घेते, त्यामुळे माझं मत थोडं निवलेलं आहे.

आधी जाहिरातीबद्दल. माहितीपत्रकावर रोबोटिक हात, थ्री-डी प्रिंट केलेलं हृदय आणि पांढऱ्या कोटातली हसरी मुलं असतात. पदवीच्या वर्षांत यातलं जवळजवळ काही हाताला लागत नाही. पहिलं वर्ष गणित, भौतिकशास्त्र, रसायन आणि थोडं प्रोग्रॅमिंग यांतच जातं. शरीरक्रियाशास्त्र आलं की वर्गातले निम्मे खुश होतात आणि उरलेले निम्मे पाठांतर आलं म्हणून कुरकुरतात. पुढं मात्र एक विषय येतो, ज्याच्यासाठी मी ही पदवी पुन्हा घेईन: वैद्यकीय उपकरणशास्त्र, म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन.

ईसीजीचंच घ्या. हृदयाचा विद्युत संकेत त्वचेपर्यंत पोचतो तेव्हा जेमतेम एक मिलिव्होल्ट उरतो. खोलीतल्या वायरिंगमुळं अंगात उतरणारी ५० किंवा ६० हर्ट्झची घुरघुर त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी असते. ही घुरघुर त्वचेवर चिकटवलेल्या सगळ्या इलेक्ट्रोडवर साधारण सारखीच येते, म्हणून दोन ठिकाणच्या संकेतांची वजाबाकी करणारा अँप्लिफायर लावायचा. उजव्या पायाचा इलेक्ट्रोड तर हृदयाचं काहीच मोजत नाही. नको असलेला तो सामाईक संकेत उलटा करून त्याच्यातूनच परत शरीरात सोडतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फारच चलाख वाटलं होतं, अजूनही वाटतं.

खरी गंमत त्याच्या पुढं आहे. रेघ अजून डुलतेय म्हणून तुम्ही फिल्टर आवळता. मॉनिटरवर ०.५ हर्ट्झच्या खालचे संथ चढउतार कापून टाकले की रेघ छान स्थिर होते. पण निदानासाठीच्या ईसीजीत ही मर्यादा ०.०५ हर्ट्झपर्यंत खाली ठेवतात, कारण जास्त कापलं तर रेघेतल्या ‘एसटी’ नावाच्या भागाचा आकार बिघडू शकतो, आणि हृदयाच्या झटक्याची शंका डॉक्टर त्याच भागावरून घेतात. म्हणजे चित्र देखणं करण्याच्या नादात इंजिनिअर आजार पुसून टाकू शकतो किंवा नसलेला दाखवू शकतो. माझ्या मते या पदवीचा गाभा हाच आहे. नुसतं इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्याला स्वच्छ रेघ हवी असते. कुठली अस्वच्छता राहू द्यायची हे आपल्याला शिकवलेलं असतं.

बायोमटेरियल्स, म्हणजे शरीरात बसवायचे पदार्थ, हा दुसरा आवडता विषय. हाडाची ताठरता साधारण २० गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूची ११०च्या आसपास आणि स्टीलची २००. फार ताठ रोपण (इम्प्लांट) बसवलं की भार तेच उचलतं, हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होत जातं. मजबूत म्हणजे चांगलं, हा मेकॅनिकलच्या वर्गातून आणलेला समज इथं गळून पडतो. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी आधी टेफ्लॉन वापरलं होतं. ते भराभर झिजलं आणि त्याच्या कणांनी आजूबाजूच्या ऊती बिथरल्या. १९६२पासून त्यांनी घट्ट पॉलिथिलीन वापरलं आणि ते टिकलं. आमच्या बाईंनी हे शिकवताना यशापेक्षा अपयशावर जास्त वेळ घालवला. पूर्ण अभ्यासक्रमातला तो सर्वांत चांगला तास होता.

आता कापलेल्या ताऱ्यांचा हिशेब.

पहिला तारा उथळपणाबद्दल. या पदवीत सगळ्या शाखांच्या उंबऱ्यापर्यंत नेतात, पण आत कुठंच बसवत नाहीत. सर्किट बोर्ड मांडणं इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना जास्त जमतं, धातूचा थकवा मेकॅनिकलवाल्यांना जास्त कळतो आणि कोड लिहिण्यात कॉम्प्युटरवाले पुढं असतात. मुलाखतीत हा फरक पहिल्या काही मिनिटांतच उघडा पडतो. माझ्या तुकडीतल्या ज्यांचं पटकन जमलं, त्यांनी मधल्या वर्षातच एक बाजू धरली होती: कुणी सिग्नल प्रोसेसिंग, कुणी एम्बेडेड सिस्टिम, कुणी प्रतिमांकन (इमेजिंग). ‘मला सगळंच आवडतं’ म्हणणारे जास्त काळ रखडले.

अर्धा तारा जोखमीच्या विषयाला दिलेल्या सावत्र वागणुकीबद्दल. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले आणि त्यातले काही दगावले. आधीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अटकाव काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती, आणि ऑपरेटरने झटपट दुरुस्त्या केल्या की सॉफ्टवेअरचे दोन भाग एकमेकांशी जुळेनासे होत. आमच्याकडं हे एका तासात उरकलं. नोकरीत आल्यावर हातात पडलं ते आयएसओ १४९७१, म्हणजे जोखीम व्यवस्थापनाचं मानक. आज माझा निम्मा दिवस ‘हे बिघडलं तर रुग्णाचं काय होईल’ या तक्त्यांत जातो. याला एक पूर्ण सत्र द्यायला हवं. हवं तर डिफरन्शिअल इक्वेशन्समधले चार धडे कमी करा, मी कुणाला सांगणार नाही.

करिअरबद्दल मला सर्वांत जास्त प्रश्न येतात. संशोधन-विकासातल्या ठळक जागा आहेत, पण तिथं बऱ्याचदा पुढचं शिक्षण मागतात. नुसत्या पदवीवर मिळणारं काम चाचणी, गुणवत्ता, नियामक विभाग आणि सेवा या बाजूचं जास्त असतं. नियामक काम, म्हणजे उपकरणाला विक्रीची मंजुरी मिळवणं, लोकांना रूक्ष वाटतं. अमेरिकेत ५१०-के या मार्गाने उपकरण आणायचं तर ते बाजारात आधीपासून असलेल्या उपकरणाइतकंच सुरक्षित आणि परिणामकारक आहे हे दाखवावं लागतं. युरोपात २०१७ सालचा नवा नियम २०२१पासून लागू झाल्यावर वैद्यकीय पुराव्याची अपेक्षा वाढली. ज्याला नीट वाचता आणि त्याहून नीट लिहिता येतं, त्याला इथं मान आहे.

रुग्णालयातलं क्लिनिकल इंजिनिअरिंग, म्हणजे तिथली उपकरणं सुरक्षित चालू ठेवणं, लोक ‘मशीन दुरुस्ती’ म्हणून उडवून लावतात, ते मला पटत नाही. थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या भागातून रुग्णात झिरपणारा प्रवाह नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या आत राहायला हवा. हे तपासणाऱ्या माणसाला यंत्र, नर्सची घाई आणि खरेदी विभागाची कंजुषी, तिन्ही कळावी लागतात. ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून सर्जनना उपकरण समजावणारे अॅप्लिकेशन स्पेशालिस्ट हा आणखी एक मार्ग. बोलका स्वभाव आणि फिरतीची तयारी असेल तर उत्तम. मी चार दिवसांत पळाले असते.

डॉक्टर होण्याचा आडमार्ग म्हणून ही पदवी घेऊ नका. जिथं पदवीनंतर वैद्यकीय प्रवेश असतो तिथंही गुण मोजले जातात, आणि इंजिनिअरिंगमध्ये गुण फुकट वाटत नाहीत.

पदवीचा उपयोग मला बैठकीत दिसतो. अलार्म आणखी थोड्या बदलालाही वाजावा, म्हणजे काही निसटणार नाही, असं सहकारी म्हणतात. मग विचारावं लागतं की असा अलार्म एका पाळीत किती वेळा खोटा वाजेल, आणि वैतागलेली नर्स तो कायमचा गप्प करून टाकेल त्याचं काय. पल्स ऑक्सिमीटरचंही तसंच. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश, त्यांच्या शोषणाचं गुणोत्तर, गणित सोपं आहे. पण गडद त्वचेवर तो रक्तातला ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, म्हणून चाचणीला कोणकोणत्या वर्णाची माणसं घेतली हा प्रश्न आमच्या टेबलावर नेहमी मीच काढते.

प्रवेश घेण्याआधी विभागप्रमुखांना तीनच गोष्टी विचारा: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात खरा डॉक्टर किंवा नर्स असते का, प्रयोगशाळेतली उपकरणं उघडू देतात का, आणि मागच्या तुकडीतली मुलं नेमक्या कुठल्या पदावर लागली. तिसऱ्याचं उत्तर ‘नामांकित कंपन्यांत’ एवढंच आलं, तर पद पुन्हा विचारा.